डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि देहदंडाचा प्रश्न

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार, दलितांचे उद्धारकर्ते, प्रकांड विद्वान आणि कायदेपंडित म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर सर्वांस परिचित आहेत. परंतु देहदंडाची शिक्षा या देशाने कायमची रद्द करावी, असे मत त्यांनी घटना समितीच्या सभागृहात मांडले होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. आज एखाद्या निर्घृण अपराधाची वार्ता आली की गावोगावी मोर्चे निघतात. गुन्हेगारांस फाशी द्या, अशी मागणी फलकांवर झळकते. अनेकदा त्याच मोर्चाच्या अग्रभागी बाबासाहेबांची तसबीर असते. म्हणूनच त्यांच्या जीवनातील हा काहीसा दुर्लक्षित पैलू वाचकांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटले.

बाबासाहेबांचे हे मत समजून घ्यावयाचे तर त्यांचे पूर्वायुष्य ध्यानी घ्यावे लागते. ज्यांस क्रोधाचे कारण नाही, त्यांस क्षमेची भाषा सोपी जाते. बाबासाहेबांच्या वाट्यास मात्र क्रोधाची कारणे जन्मासोबतच आली होती.

बालपण आणि शिक्षण

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. चौदा अपत्यांत भीमराव सर्वांत धाकटे. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, तेव्हा ते प्यावे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे.

अशा स्थितीतून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते लंडनला गेले. १९१७ साली करारानुसार ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्यास त्या नगरीत राहावयास खोली मिळेना. पुढे १९२० साली पुन्हा लंडन गाठून त्यांनी अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरची सनद संपादन केली. १९२३ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. कायदा मोठ्यांसाठी कसा वाकतो आणि लहानांसाठी कसा ताठ उभा राहतो, हे त्यांस आता वकील म्हणून आतून पाहावयास मिळाले.

महाड येथील कसोटी

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह पाणी प्राशन केले. परतणाऱ्या लोकांवर त्याच दिवशी जमावाने लाठ्याकाठ्यांनी हल्ला चढविला. अनेक जण रक्तबंबाळ झाले. परिषदेस आलेल्यांमध्ये सैन्यातून निवृत्त झालेले कसलेले वीर होते. त्यांस केवळ एका शब्दाची प्रतीक्षा होती. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला असता तर महाडमध्ये रक्ताचे पाट वाहिले असते.

त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. संतप्त अनुयायांस त्यांनी शांत राहण्याची आज्ञा केली आणि कायद्याची वाट धरली. यथावकाश खटले होऊन काही हल्लेखोरांस कारावास घडला. तळ्यावरील हक्काचा दिवाणी दावा तर दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. महाडच्या या प्रसंगात बाबासाहेबांची न्यायाविषयीची धारणा स्पष्ट दिसते. अपराध घडला तर अपराध्यास शासन झालेच पाहिजे, ते कायद्यानेच झाले पाहिजे, आणि पीडिताच्या संतापास न्यायाधीशाच्या आसनावर बसविता कामा नये.

त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्या दहनाचा विचार करताना एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मनुस्मृतीच्या दंडविधानात अपराध एकच असला तरी शिक्षा वर्णानुसार बदलते. ज्या अपराधासाठी इतरांस प्राणदंड, त्यासाठी ब्राह्मणास केवळ मुंडन, असे तेथे सांगितले आहे. मरणाची शिक्षासुद्धा माणसाची जात पाहून ठरत असे. हा ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन करणारा मनुष्य पुढे स्वतंत्र भारताच्या कायद्यातील प्राणदंडाविषयी बोलला, तेव्हा त्याच्या मागे हा सारा इतिहास होता.

आमच्या जिल्ह्यातील एक प्रसंग

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्याकरिता आमच्या या भागात आले होते. वाटेत मंडळी दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबली. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांनी किल्ल्याच्या दाराजवळील टाक्यातील पाण्याने धुतले. इतक्यात ओरडा झाला की अस्पृश्यांनी टाके बाटविले. जमाव जमला, शिवीगाळ झाली, आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागले. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर त्यांस आत जाऊ दिले. सोबत पहाऱ्यास हत्यारबंद शिपाई देण्यात आला. ही कटू आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, गोलमेज परिषदेत बोलून आले होते. तरीही टाक्यातील पाण्याची किंमत त्यांच्या मानाहून अधिक ठरली.

ज्या भूमीत हा अपमान झाला, त्याच भूमीत त्यांनी पुढे विद्येचे दान केले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. पैठण रस्त्यावरील आमच्या चितेगावासारख्या खेड्यांतील कित्येक घरांत पहिला पदवीधर नागसेनवनाच्या त्या परिसरातूनच आला. अपमानाची परतफेड त्यांनी अशी केली.

घटना समितीतील भूमिका

१५ ऑगस्ट १९४७ रोजी बाबासाहेब स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट रोजी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस मूलभूत हक्कांवरील चर्चेत झेड. एच. लारी या सदस्यांनी एक सुधारणा सुचविली. हिंसेचा अवलंब करणारा राजद्रोह वगळता अन्य सर्व अपराधांसाठी देहदंड रद्द करावा, असा तिचा आशय होता. न्यायाधीशाकडून चूक होऊ शकते आणि फाशीनंतर ती सुधारता येत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ही सुधारणा फेटाळली गेली. बाबासाहेबांनीही त्या वेळी तिची पाठराखण केली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

तथापि सहा महिन्यांनी, ३ जून १९४९ रोजी, हा विषय दुसऱ्या वाटेने सभागृहात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती. ज्यास मृत्युदंड सुनावला गेला आहे, त्यास सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असावा, असा काही सदस्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी उत्तर देताना प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. अपिलाची आणखी एक पायरी बांधण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपण अधिक पसंत करू, आणि तोच योग्य मार्ग होय, असे त्यांनी सांगितले. या देशाची प्राचीन परंपरा अहिंसेची आहे, आचरणात लोक कमी पडत असले तरी अहिंसा हे पाळावयाचे नैतिक कर्तव्य आहे असे ते मानतात, आणि त्याकडे पाहता भारताने प्राणदंड पूर्णपणे संपविणे उचित ठरेल, असा त्यांच्या विवेचनाचा भावार्थ होता.

हे शब्द कोणा भाबड्या मनुष्याचे नव्हेत. महायुद्धाच्या काळात दलित तरुणांनी सैन्यात भरती व्हावे, यासाठी बाबासाहेबांनी प्रयत्न केले होते. महार रेजिमेंटच्या उभारणीस त्यांचा पाठिंबा होता. कोणत्याही परिस्थितीत शस्त्र उचलू नये, असे त्यांनी कधी म्हटले नाही. अपराध्यास शिक्षाच नको, असेही ते म्हणत नव्हते. त्यांचा आक्षेप नेमका होता. बंदिवान मनुष्य राज्याच्या पूर्ण स्वाधीन असतो, त्याचे हातपाय बांधलेले असतात, त्याच्यापासून समाजास तत्क्षणी कोणताही धोका नसतो. अशा मनुष्याचा प्राण राज्याने थंडपणे घेणे, हे अहिंसेचा उच्चार करणाऱ्या राष्ट्रास शोभत नाही.

त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी या विचाराची देशव्यापी कसोटी लागली. महात्मा गांधींच्या हत्येबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांस १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथील तुरुंगात फाशी देण्यात आली. या दोघांस जीवदान मिळावे, अशी विनंती गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी केली होती. ती मान्य झाली नाही. यानंतर अकराव्या दिवशी, २६ नोव्हेंबर रोजी, भारताने आपली राज्यघटना स्वीकारली.

त्या घटनेत देहदंड रद्द झाला नाही. परंतु त्याच्या भोवती काही कुंपणे उभी राहिली. कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचाही जीव वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असे कलम २१ सांगते. कलम ७२ आणि १६१ अन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांस दयेचा अधिकार मिळाला. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या मनुष्यास उच्च न्यायालयाने मृत्युदंड दिला, तर कलम १३४ अन्वये त्यास सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. शिक्षा ठेवावी की काढावी, हा निर्णय मात्र संसदेकडे राहिला आणि आजही तो तेथेच आहे.

अखेरचे पर्व

हिंदू संहिता विधेयकाच्या प्रश्नावर १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रपर ग्रंथात त्यांनी पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या परिवर्तनास स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यात अंगुलिमालाची कथा येते. असंख्य माणसांचे प्राण घेणारा तो दरोडेखोर तथागतांच्या सान्निध्यात भिक्खू होतो. राजा त्यास पकडण्यास निघतो आणि त्याचे पालटलेले जीवन पाहून त्यास अभय देतो. आयुष्याच्या संध्याकाळी, व्याधींनी ग्रासलेल्या देहाने ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी ही कथा वगळली नाही. जिवंत राहिलेला मनुष्यच पालटू शकतो, एवढे तर ती निश्चित सांगते.

त्यांच्या पश्चात

बाबासाहेबांच्या पश्चात कायद्याचा प्रवास संथ गतीने त्यांच्याच दिशेने झाला आहे. पूर्वी खुनाच्या खटल्यात फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशास लिहावी लागत. ही अट १९५५ च्या दुरुस्तीने गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट नियम केला आणि फाशी द्यावयाची असल्यास विशेष कारणे देणे बंधनकारक ठरले. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणाची कसोटी घालून दिली. २०१५ साली न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवाद वगळता अन्य अपराधांसाठी देहदंड रद्द करण्याची शिफारस केली आणि त्या अहवालात बाबासाहेबांच्या १९४९ च्या मताची आठवण दिली. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा कायम आहे.

न्यायाधीशाची चूक सुधारता येत नाही, या मुद्द्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर भयंकर अत्याचार झाला. त्यात पाच जणांचा बळी गेला. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब पुरुषांस अटक झाली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस मृत्युदंड ठोठावला. पुढे फेरविचार झाला. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांवरून वेगळ्याच माणसांस ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, असे आढळून आले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष मुक्त केले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या कुटुंबाचा बळी गेला, त्यास त्या निकालाने न्याय मिळाला नाही, कारण खरे अपराधी सापडलेच नाहीत. दरम्यानच्या काळात फाशी झाली असती, तर ही भरपाई कोणाच्या हाती दिली असती?

वाचकहो, या ठिकाणी एक वेदनादायक प्रश्न टाळून चालणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २०१६ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कोपर्डी येथे मराठा समाजातील एका कोवळ्या मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. दोन्ही वेळी लक्षावधी लोक रस्त्यावर उतरले. कोपर्डीनंतरचा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी आमच्याच शहरात निघाला होता. दोन्ही वेळी मागणी फाशीचीच होती आणि दोन्ही वेळी ती करणाऱ्यांच्या डोळ्यांतील अश्रू खरे होते. ज्या मातापित्यांचे काळीज असे फाटले आहे, त्यांस दुरून उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही, आम्हांसही नाही.

परंतु खैरलांजी प्रकरणात पुढे काय घडले, ते पाहिले पाहिजे. २००८ साली सत्र न्यायालयाने सहा जणांस फाशी सुनावली. मात्र त्या हत्याकांडामागे जातीय हेतू होता, हे न्यायालयाने मान्य केले नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम टिकले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले आणि जातीय हेतूचा मुद्दा तेथेही मान्य झाला नाही. ज्या कारणाने ते कुटुंब मारले गेले असे सारा समाज मानत होता, त्या कारणाचा उच्चार कोणत्याच निकालात झाला नाही. फाशी सुनावली गेली, तरी सत्य सांगितले गेले नाही. पीडितांस काय हवे असते आणि व्यवस्था त्यांच्या हाती काय ठेवते, यांतील अंतर येथे दिसते. वेळेवर झालेला तपास, साक्षीदारांस संरक्षण, अपराधाचे खरे नाव घेणारा निकाल आणि निश्चितपणे भोगावी लागणारी शिक्षा, यांची जागा फाशीचा दोर घेऊ शकत नाही.

आमच्या ख्रिस्तसभेसही या विचारापर्यंत पोहोचण्यास शतके लागली. एकोणिसाव्या शतकात पोपांच्या राज्यातही देहदंड दिला जात होता. व्हॅटिकनच्या कायद्यातून तो १९६९ साली वगळण्यात आला. संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली या शिक्षेची आवश्यकता जवळजवळ उरलेली नाही, असे शिकविले. २०१८ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून ती कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य ठरविली. बाबासाहेबांनी आपले मत त्यापूर्वी एकोणसत्तर वर्षे मांडले होते. ते आपल्या वेगळ्या मार्गाने त्या ठिकाणी पोहोचले होते, हे आदरपूर्वक मान्य केले पाहिजे.

मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे दलित समाजातून आलेली आहेत. बाबासाहेबांचे ऋण आपल्या घराघरांवर आहे. त्यांची जयंती आपण साजरी करतो, त्यांच्या तसबिरीस हार घालतो. पुढील वेळी एखाद्या भीषण गुन्ह्याने आपले मन पेटून उठेल, तेव्हा पीडिताच्या घरी जावे, त्यांच्या खटल्यास वकील मिळेल हे पाहावे, साक्षीदारांच्या पाठीशी गावाने उभे राहावे आणि तारखेमागून तारखेस त्यांच्यासोबत न्यायालयात बसावे. महाडच्या तळ्यासाठी बाबासाहेबांनी दहा वर्षे हेच केले. न्यायासाठी झटावे आणि बंदिवान झालेल्या माणसाचा प्राण मात्र मागू नये, ही त्यांच्या जीवनाची शिकवण आपण अंगी बाणवू या.